रिकामी यादी बिनचूकच असते

‘ऑप्टिमाइज’ हा शब्द आता आपल्या घरांत कुकर-मिक्सरइतका रुळला आहे. बेंगळुरूला असलेला माझा पुतण्या तो दिवसातून दहा वेळा तरी उच्चारतो. भाजी घेऊन येणारा मुलगासुद्धा म्हणतो, “मावशी, रूट ऑप्टिमाइज केलाय, आता तुमचं घर शेवटी येणार.” म्हणजे कोथिंबीर सुकून येणार. पण शब्द एवढा गुळगुळीत, की तक्रार करायला तोंडच उघडत नाही. ऑप्टिमाइज म्हणजे सर्वोत्तम केलेलं, आणि सर्वोत्तमाविरुद्ध बोलणार कोण?

मी बोलणार आहे. ‘सर्वोत्तम’ हा शब्द एकटा उभाच राहू शकत नाही. ‘आमची थोरली सून सगळ्यांत चांगली’ असं कुणी म्हटलं की आपल्या मनात लगेच येतं, कुणाच्या मते? कशात चांगली? पोळ्या पातळ करण्यात, की सासूपुढं मान खाली घालण्यात? हा प्रश्न आपण माणसांबद्दल हटकून विचारतो आणि यंत्राबद्दल मात्र गप्प बसतो. यंत्रानं शोधलं म्हणजे बरोबरच असणार, ही एक नवी अंधश्रद्धा आहे. तिला इंग्रजी नाव आहे म्हणून ती कमी अंधळी होत नाही.

हे लिहायला मी कोण, असं विचारणारे आहेत. घरातच आहेत. बी.ए.ला इतिहास घेतलेली बाई सॉफ्टवेअरवर काय बोलणार? तर ज्या सॉफ्टवेअरवर माझं गॅसचं बुकिंग, सासूबाईंची औषधं आणि घरचा बँक व्यवहार चालतो, त्यावर मी बोलणार. भांड्याला कल्हई कशी करतात ते मला येत नाही, पण ताक कळकलं की कल्हई गेली हे मला कल्हईवाल्याच्या आधी कळतं.

आता विषयाकडं येते. सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांना पडणारे बरेच प्रश्न निवडीचे असतात. पन्नास नव्या सुधारणा सुचल्यात, पैसा थोड्यांपुरताच आहे, तर कोणत्या घ्यायच्या? हजार चाचण्यांपैकी (त्याला ते टेस्ट म्हणतात) आज रात्रीत कोणत्या घ्यायच्या, आणि आधी कोणती? प्रोग्राम कुठं मोडतो हे शोधायचं तर त्याला नेमकं काय खायला घालायचं? आणि मोडलेला प्रोग्राम दुरुस्त करायचा तर हजारो ओळींतली कोणती ओळ बदलायची?

हे सगळे पर्याय एकेक करून तपासू म्हटलं तर आयुष्य पुरत नाही. पन्नास सुधारणांचंच घ्या. प्रत्येक एक तर घ्यायची किंवा सोडायची, एवढाच प्रश्न. पण अशा निवडी होतात अकराशे लाख कोटींहून जास्त. सेकंदाला दहा लाख तपासल्या तरी पस्तीस वर्षं लागतील. तोवर कंपनीही राहणार नाही आणि फोनही. म्हणून सगळं न तपासता हुशारीनं शोध घ्यायचा, ही कल्पना निघाली. 1976 साली वेब मिलर आणि डेव्हिड स्पूनर या दोघांनी प्रोग्रामच्या चाचणीसाठी लागणारे आकडे अशा गणिती शोधातून काढायची रीत मांडली. पुढं 2001 मध्ये मार्क हार्मन आणि ब्रायन जोन्स यांनी या सगळ्या उद्योगाला ‘सर्च-बेस्ड सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ असं नाव दिलं. सॉफ्टवेअरच्या अडचणी शोधाच्या अल्गोरिदमनं सोडवायच्या, असा त्याचा सरळ अर्थ.

शोध घ्यायच्या रीती कळायला अवघड नाहीत. एक आहे चढणीची. आपल्या येळ्ळूरच्या राजहंसगडावर पावसाळ्यात दाट धुकं पडतं, हाताचं दिसत नाही. वर जायचं तर काय कराल? पायानं चाचपडाल, जिकडं जमीन चढती लागेल तिकडं एक पाऊल टाकाल. असं करत करत एका ठिकाणी चहूबाजूंनी उतारच लागेल. तुम्ही म्हणाल, आला गड. पण तो गड असेलच असं नाही, वाटेवरचा मातीचा ढिगारा असू शकतो. धुक्यात ढिगारा आणि गड सारखेच. दुसरी रीत तांबटाची. ठोकून ठोकून कडक झालेलं तांबं पुन्हा तापवलं की मऊ पडतं, मग हवा तो आकार घेतं. तसं सुरुवातीला शोध ‘गरम’ ठेवायचा, म्हणजे चढण सोडून थोडं खाली उतरायचीही त्याला मुभा द्यायची आणि हळूहळू ती मुभा काढून घ्यायची. 1983 मध्ये कर्कपॅट्रिक, जेलाट आणि व्हेकी यांनी ही कल्पना मांडली. तिसरी रीत बियाण्याची. शेतात भरदार कणसं निवडून पुढच्या पेरणीला ठेवतात ना, तशी शंभर उत्तरांतली बरी निवडायची, त्यांची आपसांत सरमिसळ करायची, थोडा बदल घडू द्यायचा, पुन्हा निवडायची. जॉन हॉलंड यांचं यावरचं पुस्तक 1975 चं.

तिन्ही रीती सुंदर आहेत, यात मला शंका नाही. पण तिन्हींत एक गोष्ट समान आहे आणि नेमकी तीच बोलताना गिळली जाते. ‘वर’ म्हणजे काय? ‘भरदार कणीस’ म्हणजे कोणतं? हे यंत्राला माहीत नसतं. ते माणसानं आधी सांगावं लागतं, आकड्यांत. जाणकार त्याला फिटनेस फंक्शन म्हणतात, मी माप म्हणते. मापात जे लिहिलं ते यंत्र मरेस्तोवर शोधेल. मापात जे लिहिलं नाही, त्याची त्याला कवडीचीही पर्वा नाही. ते दुष्ट नाही आणि शहाणंही नाही.

याचा नमुना सांगते. मी तो वाचला तेव्हा हातातलं काम ठेवून दोनदा वाचला.

अमेरिकेत जेनप्रॉग नावाची एक प्रणाली तयार झाली. 2009 मध्ये तिच्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. लिहिणारे चौघे, वेस्टली वायमर, थानव्हू न्यूएन, क्लेअर ल गूज आणि स्टेफनी फॉरेस्ट. (चौघांत दोघी बाया आहेत, हे आपल्या मुलींना मुद्दाम सांगा.) काम असं, की बिघडलेला प्रोग्राम आणि त्याच्या टेस्ट या प्रणालीला द्यायच्या. ती प्रोग्राममधल्या ओळी काढून, हलवून, दुसरीकडची ओळ इथं घालून हजारो नमुने तयार करते आणि बियाण्याच्या रीतीनं निवडत निवडत सगळ्या टेस्ट पास होणारा नमुना शोधते. माणसाचा हात न लागता बग दुरुस्त. झूनचं उदाहरण प्रसिद्ध आहे. झून हे मायक्रोसॉफ्टचं गाणी ऐकायचं यंत्र. 2008 लीप वर्ष होतं, त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला त्याची एक जात घरोघरी एकदम गोठून बसली, कारण वर्षाचा तीनशे सहासष्टावा दिवस मोजताना प्रोग्राम एकाच जागी गरगरत राहिला. तो दोष जेनप्रॉगनं दुरुस्त करून दाखवला. हे खरं यश आहे आणि मी ते नाकारत नाही.

पण याच प्रणालीला एकदा आकडे चढत्या क्रमानं लावणारा, पण बिघडलेला प्रोग्राम दिला. टेस्ट काय होती? बाहेर येणारी यादी क्रमानं लागलेली असली पाहिजे. यंत्रानं शोधलं. उत्तर सापडलं, टेस्ट पास. उघडून बघतात तर दुरुस्त केलेला प्रोग्राम दरवेळी रिकामी यादी देत होता. रिकाम्या यादीत एकही आकडा चुकीच्या जागी नसतो की हो! आणखी एका ठिकाणी टेस्ट अशी होती, की प्रोग्रामनं दिलेलं उत्तर शेजारच्या फाइलमधल्या बरोबर उत्तराशी ताडून बघायचं. यंत्रानं काय करावं? बरोबर उत्तराची फाइलच पुसून टाकली आणि स्वतः काहीच उत्तर दिलं नाही. इकडं काही नाही, तिकडं काही नाही, दोन्ही सारखंच. पास.

हसू येतं ना? मलाही आलं. मग थोड्या वेळानं वाटलं, हे आपण कुठंतरी बघितलंय. “आमच्या धाकट्या सुनेची एक तक्रार नाही हो, वीस वर्षं झाली.” हे वाक्य किती अभिमानानं सांगतात आपल्याकडं! तक्रार नाही, कारण ती करायची जागाच ठेवलेली नाही. सासरच्यांपुढं बोलायचं नाही, माहेरी सांगायचं नाही, नवऱ्याला वेळ नाही. यादी रिकामी, म्हणून बिनचूक. ज्या घरात भांडण ऐकू येत नाही ते घर सुखी, हे माप कुणी ठरवलं? ज्यांना ऐकावं लागलं असतं त्यांनीच. जेनप्रॉगनं काही नवीन शोधलं नाही बायांनो. आपल्या घराघरांत ती युक्ती पिढ्यान्‌पिढ्या पास होत आली आहे.

आता त्या शास्त्रज्ञांचं एक चांगलं सांगायला हवं. रिकाम्या यादीची गोष्ट त्यांनी लपवली नाही, आपणहून सांगितली. आपल्या संस्थांचे अहवाल लिहिणाऱ्यांनी एवढं शिकलं तरी पुष्कळ झालं.

पुढची गोष्ट मात्र जास्त गंभीर आहे. 2012 मध्ये जेनप्रॉगची मोठी परीक्षा झाली. खऱ्या वापरातल्या प्रोग्राममधले 105 दोष घेतले, त्यांतले 55 दुरुस्त झाल्याचं जाहीर झालं, तेही दोषामागं सुमारे आठ डॉलर खर्चात. निबंधाच्या शीर्षकातच हे आकडे होते. निम्म्याहून जास्त दोष, आठ डॉलर! कोणत्या मालकाच्या तोंडाला पाणी सुटणार नाही? मग 2015 मध्ये एमआयटीतल्या मार्टिन रिनार्ड यांच्या गटानं त्या दुरुस्त्या एकेक करून उकलल्या. 55 पैकी 37 दोषांच्या दुरुस्त्या टेस्टमध्येसुद्धा खऱ्या उतरत नव्हत्या, कारण टेस्ट घ्यायची व्यवस्थाच ढिली होती. काही ठिकाणी उत्तर बरोबर आलं का हे न बघता प्रोग्राम गडबड न करता संपला का एवढंच बघितलं जात होतं. (पेपर कोरा ठेवून मुकाट्यानं वर्गाबाहेर पडणाऱ्या पोराला पास करण्यासारखं.) उरलेल्या दोषांतही खरोखर बरोबर म्हणाव्यात अशा दुरुस्त्या किती? दोन. पंचावन्न नव्हे, दोन.

आणि बाकीच्या बहुतेकांचं काय होतं? एखादं काम नीट होत नाही ना, मग ते कामच काढून टाका. नळ गळतो, तर पाइप काढा. रिनार्ड यांच्या गटानं हे दाखवायला ‘काली’ नावाची प्रणाली केली. तिला एकच गोष्ट येते, काढून टाकणं. आणि ही काली त्या नावाजलेल्या प्रणालीइतकीच, किंबहुना काकणभर सरस ठरली.

यावर माझ्या पुतण्याचं उत्तर तयार असतं. “काकू, ही जुनी गोष्ट झाली. आता टेस्ट भरपूर असतात. टेस्ट वाढवल्या की प्रश्न मिटला.”

नाही मिटला. टेस्ट लिहिणार कोण? तोच, ज्यानं प्रोग्राम लिहिला किंवा त्याच्या शेजारच्या खुर्चीवरचा, त्याच्याच वयाचा, त्याच्याच शहरातला, तशाच फोनवाला. त्याला जे सुचेल ते टेस्टमध्ये येईल. त्याच्या टेस्टमध्ये ऐंशी वर्षांची बाई चष्मा शोधेपर्यंत ओटीपी संपून जात नाही. एकच फोन सासू, सून आणि दोन पोरं वापरत नाहीत. पापड लाटून बोटांचे ठसे पुसट झालेत म्हणून अंगठा ‘मॅच’ होत नाही, हे त्याच्या टेस्टमध्ये कुठून येणार? त्याची आई पापड लाटत असली तरी त्यानं तिचा अंगठा कधी निरखून बघितलेला नसतो.

आमच्याच घरची हकिकत सांगते. कंपनीचं नाव घेत नाही, कारण एका नावानं बाकीच्या सुटतात. सासूबाईंच्या औषधांसाठी एक ॲप होतं. त्यात ‘तक्रार नोंदवा’ असं बटण होतं आणि फोन नंबर होता, तो लावला की माणूस बोलायचा. एके दिवशी ॲप नवं झालं. रंग छान, अक्षरं छान. बटण नाही, नंबर नाही. त्या जागी एक हसरं चित्र आलं, त्याला काही विचारलं की ते आपल्यालाच चार प्रश्न विचारतं आणि ‘तुमचं समाधान झालं का?’ म्हणतं. नाही म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून. चुकीच्या मिलिग्रामच्या गोळ्या आल्या होत्या, त्या परत करायला मला तीन दिवस लागले. आणि त्याच तीन दिवसांत त्याच ॲपवर झळकत होतं, तक्रारींत मोठी घट. घट होणारच हो. हे कुठल्या अल्गोरिदमनं केलेलं नाही, बैठकीत बसून माणसांनी केलेलं आहे. म्हणून तर मी म्हणते, यंत्राला दोष देऊन सुटू नका. माप माणसानं दिलं होतं: तक्रारी कमी करा. ‘त्रास कमी करा’ असं माप द्यायला त्रास मोजावा लागला असता, आणि तो मोजायचा तर आमच्याशी बोलावं लागलं असतं.

आता सुधारणा निवडायच्या त्या पहिल्या प्रश्नाकडं परत जाऊ. पुढच्या आवृत्तीत काय घ्यायचं, याला त्या शास्त्रात ‘नेक्स्ट रिलीज प्रॉब्लेम’ म्हणतात. 2001 मध्ये बॅग्नाल, रेवर्ड-स्मिथ आणि व्हिटली यांनी तो गणितात बांधला. मांडणी अशी: गिऱ्हाइकं आहेत, प्रत्येकाच्या मागण्या आहेत, प्रत्येक मागणीला खर्च आहे, एकूण पैसा ठरलेला आहे. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला एक वजन आहे. कंपनीच्या दृष्टीनं ते किती महत्त्वाचं, ते वजन. पैशाच्या मर्यादेत जास्तीत जास्त वजनाची गिऱ्हाइकं खूश होतील अशी निवड शोधा.

गणित म्हणून यात खोट नाही. पण वजन या शब्दावर जरा थांबा. शोध सुरू व्हायच्या आधी, धुक्यात पहिलं पाऊल पडायच्या आधी, कुणीतरी आपल्या नावापुढं एक आकडा लिहिलेला असतो. तो आकडा आपल्याला कधी दाखवत नाहीत. आपण किती खर्च करतो, कोणता फोन वापरतो, कोणत्या शहरात राहतो, यावरून तो येतो. बेळगावात राहणारी, मराठी वाचणारी, महिन्यातून चारदा ॲप उघडणारी म्हातारी बाई, हिचं वजन किती? पत्ता टाकला की ॲप आपल्याला कन्नड आणि इंग्रजी असे दोन पर्याय देतं. कन्नड मला येतं, त्यात माझी काही तक्रार नाही, शेजारणींशी मी रोज कन्नडच बोलते. पण आमच्या सासूबाईंना वाचता येते ती मराठीच. नगर वाचनालयातली पुस्तकं ऐंशीव्या वर्षी चाळणारी ही बाई औषधाच्या ॲपपुढं निरक्षर ठरते. बडोद्याची माझी मावसबहीण तेच सांगते, तिथं गुजराती आणि इंग्रजी. हैदराबादच्या मैत्रिणीकडं तेलुगू आणि इंग्रजी. पिढ्यान्‌पिढ्या तिथं नांदणाऱ्या आपल्या लोकांचं वजन दशांश चिन्हाच्या पलीकडं कुठंतरी. आणि विचारलं की उत्तर येतं, “मॅडम, डेटानुसार मागणी नाही.” मागणी नोंदवायला ॲप वाचता आलं पाहिजे ना आधी? पुन्हा तीच रिकामी यादी.

या शास्त्रात दुसरी एक वाट आहे आणि तिचं श्रेय आपल्या देशाचं आहे. कानपूरच्या आयआयटीत कल्याणमय देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये एनएसजीए-टू नावाची रीत प्रसिद्ध केली. जगभर ती वापरली जाते. तिचं वैशिष्ट्य असं, की ती सगळ्या गोष्टी एका आकड्यात कोंबत नाही. खर्च वेगळा, वेळ वेगळा, दर्जा वेगळा ठेवते, आणि एकच ‘सर्वोत्तम’ उत्तर न देता उत्तरांची एक रांग देते. रांगेतल्या कोणत्याही उत्तरात एका बाजूनं सुधारायचं म्हटलं तर दुसऱ्या बाजूनं काहीतरी सोडावंच लागतं. म्हणजे यंत्र हात जोडून सांगतं, इथवर मी आलो, आता यातलं कोणतं घ्यायचं ते तुम्ही ठरवा. स्वयंपाक करणाऱ्या बाईला हे नवीन नाही. गॅस वाचवायचा, वेळ वाचवायचा आणि चवही राखायची, तिन्ही एकदम होत नाही. पाहुणे दारात असले की गॅस गेला तरी चालतो, सणाला वेळ गेला तरी चालतो. कोणत्या दिवशी काय सोडायचं हे तिला ठरवावं लागतं आणि त्याची जबाबदारी तिच्यावरच येते.

(आमच्या मंडळात हे सांगितलं तेव्हा एक ताई लगेच म्हणाल्या, “म्हणजे आपला अनेकांतवादच की! आपल्याकडं हे आधीपासून होतं.” मला हे पटत नाही. अनेक बाजू असतात हे आपल्याला शिकवलं गेलं, खरं. पण घरातल्या सुनेची बाजू त्या अनेकांत कधी मोजली का, हे आधी बघू. कानपूरच्या लोकांनी बाजू मोजायची रीत लिहून दाखवली, ते श्रेय त्यांचं त्यांना राहू द्या.)

आता मोठ्या कंपन्या काय करतात ते बघा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये सेपियन्झ नावाची प्रणाली झाली. ती एनएसजीए-टूच वापरते. फोनवरच्या ॲपवर नाना तऱ्हेनं टिचक्या मारून, बटणं दाबून ते कुठं कोसळतं हे शोधते. पुढं हे काम फेसबुकनं आपल्याकडं घेतलं आणि 2018 मध्ये सॅपफिक्सची माहिती जाहीर केली. सेपियन्झनं शोधलेल्या दोषावर ती स्वतःच दुरुस्ती सुचवते, पण ती दुरुस्ती लागू व्हायच्या आधी माणूस इंजिनिअरकडं जाते. त्यानं बघून हो म्हटलं तरच पुढं. ही चांगली रीत आहे. माझी शंका एवढीच, की सकाळपासून बऱ्यावाईट चाळीस दुरुस्त्या बघितल्यावर एकेचाळिसावी तो किती बघेल? तांदूळ निवडताना पहिल्या परातीतले खडे सगळे सापडतात. चौथ्या परातीतले जेवताना दातांखाली येतात.

आणि सेपियन्झ शोधते काय? कोसळणं. ॲप बंद पडलं की ते कुणालाही दिसतं, मोजता येतं, त्यावर वाद नाही. म्हणून ते माप होऊ शकतं. पण माझ्या सासूबाईंना तीन वेळा ‘अवैध माहिती’ असं लाल अक्षरांत दाखवून चौथ्यांदा त्यांना खातं बंद झाल्याचं सांगणारं ॲप कोसळलेलं नसतं. ते अगदी ठणठणीत असतं. कोसळलेल्या असतात त्या सासूबाई. फोन माझ्याकडं ढकलून त्या म्हणतात, “माझ्या हातून नाही होत बाई, तूच कर.” असं म्हणताना नगर वाचनालयातली पुस्तकं वाचणारी, सत्तर सालापर्यंत दुकानाच्या वह्या लिहिलेली बाई स्वतःलाच मठ्ठ समजू लागते. हे कोणत्या टेस्टमध्ये नापास होतं?

“काकू, हे मोजता येत नाही.” पुतण्या म्हणतो.

का नाही? प्रयत्नच कुठं केलाय? किती जणी अर्ध्यावर फोन दुसऱ्याच्या हातात देतात, हे मोजता येतं. नवी आवृत्ती आल्यावर कोणतं काम नाहीसं झालं, ते कोण करत होतं, हे मोजता येतं. टेस्ट लिहिणाऱ्यांच्या खोलीत साठीच्या पुढची एक बाई पगार देऊन बसवता येते. गिऱ्हाइकांच्या वजनांचा तक्ता आम्हाला दाखवता येतो. दाखवत नाहीत, कारण दाखवला तर आम्ही भांडू. आणि भांडण झालं की ‘सर्वोत्तम’ हा शब्द वापरायची सोय राहत नाही, मग ‘आम्ही तुम्हाला वगळलं’ असं सरळ मराठीत म्हणावं लागतं.

शोधाला माझा विरोध नाही, हे पुतण्यालाही मी सांगितलंय. पस्तीस वर्षांचं काम यंत्र रात्रीत करत असेल तर करू दे. पण माप ठरवायची खोली बंद ठेवून नंतर यंत्राकडं बोट दाखवणं, हे मला चालणार नाही. ‘सिस्टीमनं ठरवलं’ हे उत्तर बँकेत, विम्यात, औषधाच्या दुकानात कुणी दिलं तर तिथंच उभं राहून विचारायचं, सिस्टीमला काय सांगितलं होतं? लिहून द्या. पहिल्यांदा हसतील. हसू द्या.

आपल्यातल्या कितीजणींची मुलं, सुना, जावई पुण्याला, बेंगळुरूला याच कामात आहेत. सुटीला आले की आपण त्यांना कुंदा देतो, मांडे बांधून देतो आणि ‘काम बरं चाललंय ना’ एवढंच विचारतो. या खेपेला जरा पुढं विचारा. तुझ्या टेस्टमध्ये माझ्यासारखी कोण आहे? तिचं वजन किती लिहिलंयस? मी विचारलं तेव्हा माझा पुतण्या पाच मिनिटं गप्प होता, मग म्हणाला, बघून सांगतो. दिवाळीला विचारलं होतं. अजून सांगितलेलं नाही. पाडव्याला येणार आहे.

आणि मंडळाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं एक काम लिहून आणावं, फोनवर पूर्वी आपलं आपल्याला करता येत होतं आणि आता येत नाही असं. कधीपासून बंद झालं ती तारीख आठवत असेल तर तीही घाला. सासूला, आईला विचारून त्यांचीही लिहा, त्यांच्या नावानं. माझ्या वहीत आतापर्यंत सात झाली आहेत.